वाचकांचे प्रश्न : पहिल्या फेरीतली जागा घ्यावी की सोडावी?

नीटचा निकाल लागल्यापासून विदर्भातून आलेली बहुतेक पत्रं वैद्यकीय प्रवेशाची आहेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच पेचाची : हातात आलेली जागा आत्ताच पक्की करायची की पुढच्या फेरीची वाट बघायची? त्यातली चार पत्रं निवडून उत्तरं देत आहोत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण उरलेल्या कितीतरी पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही कुणबी, इतर मागासवर्गात येतो. एमसीसीच्या (देशपातळीवर वैद्यकीय जागा वाटणाऱ्या समितीच्या) पहिल्या फेरीत मुलीला ओडिशातल्या एका सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळाली आहे. राज्याची पहिली यादी अजून लागायची आहे. तिला मेडिकल किंवा मेयोच (नागपुरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) हवं आहे. ओडिशाची जागा सोडली आणि इथे काहीच मिळालं नाही तर? आणि घेतली, नंतर इथे नंबर लागला, तर आम्ही अडकू का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, पहिल्या फेरीत अडकत नाही. अडकायला होतं ते दुसऱ्या फेरीपासून, आणि तेही बहुतेक वेळा तारखा हुकल्यामुळे.

सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी भरते, 85 टक्के राज्याचा सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्ष भरतो. एम्सच्या सगळ्या जागा एमसीसीकडे असतात, म्हणजे नागपूरच्या मिहानमधलं एम्स डोक्यात असेल तर त्याला राज्याच्या यादीची वाट नाही. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर रुजू झाला नाहीत तरी अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीचा हक्कही राहतो. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जप्त होते : खुल्या वर्गाची 10,000, तुमची 5,000 रुपये. तिसऱ्या फेरीत न घेतल्यास पैसेही जातात आणि पुढची फेरीही बंद होते. शेवटच्या, उरलेल्या जागांच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर वर्षभर नीटला बसता येत नाही. म्हणजे नाही म्हणण्याची किंमत फेरीगणिक वाढत जाते, आणि ती फुकट आहे फक्त आत्ता.

आता मुलीची इथली शक्यता बघा. त्यासाठी गुण बाजूला ठेवा. 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारे अनेक होते, 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण 686. अशा दोन वर्षांच्या गुणांची तुलना करून काहीच कळत नाही. राज्य गुणवत्ता यादीतला तिचा क्रमांक घ्या. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या कॅप (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांच्या वाटप याद्या असतात. त्यात मेडिकल आणि मेयो या दोन्हींसाठी ओबीसीतला शेवटचा क्रमांक पहिल्या फेरीत कुठे थांबला आणि अखेरच्या फेरीत कुठे, हे दोन आकडे लिहून काढा. मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण राज्याच्या कोट्यात आहे, एमसीसीच्या कोट्यात नाही. म्हणून महिलांची ओळ वेगळी वाचा, तिथे क्रमांक थोडा खाली उतरलेला दिसू शकतो.

मुलीचा क्रमांक गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या शेवटच्या क्रमांकापेक्षा दहा टक्के तरी वरचा असेल तर ओडिशाची जागा सोडा, प्रवासही करू नका. तो पहिल्या आणि अखेरच्या फेरीच्या मध्ये कुठेतरी पडत असेल तर मात्र जाऊन रुजू व्हा आणि 'अपग्रेड'ला (पुढच्या फेरीत अधिक पसंतीची जागा मिळाल्यास बदलायला) होकार द्या. आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं याच पट्ट्यातली असतात आणि चुकाही इथेच होतात, म्हणून पुढचं सावकाश वाचा.

रुजू होताना मूळ कागदपत्रं महाविद्यालयात जमा होतात. राज्याच्या यादीत नंबर लागला की इथेही तीच मूळ कागदपत्रं मागतील. म्हणजे आधी तिथला राजीनामा, मग कागद परत, मग नागपुरात प्रवेश, आणि हे सगळं दोन्हीकडच्या मुदतीच्या आत. राजीनाम्याचं पत्र महाविद्यालयाने एमसीसीच्या पोर्टलवरूनच काढलं पाहिजे. साध्या अर्जावर शिक्का मारून दिलेला राजीनामा बाद ठरतो आणि मुलगी कागदोपत्री तिथेच प्रवेशित राहते. रुजू झाल्याचं पत्रही असंच पोर्टलवरून निघालेलं हवं. हातात कागद पडला की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून मोबाइलवर लॉगिन करून नोंद झाली का ते बघा. नागपूरला परतल्यावर चूक कळली तर पुन्हा ओडिशाला जावं लागतं आणि मुदत तोवर संपलेली असते.

जाण्यापूर्वी एका कागदावर तीन तारखा लिहा : एमसीसीच्या पहिल्या फेरीतून राजीनाम्याची शेवटची तारीख, राज्याच्या पहिल्या यादीची तारीख, राज्यात रुजू होण्याची शेवटची तारीख. पहिली तारीख दुसरीच्या आधी येत असेल तर 'दोन्ही हातात ठेवू' हा बेत बसत नाही. मग राजीनाम्याच्या तारखेपर्यंत काय कळलंय त्यावरच ठरवावं लागेल. वेळापत्रक हंगामात एकदोनदा तरी बदलतं, तेव्हा रोज संध्याकाळी दोन्ही संकेतस्थळांवरच्या सूचना बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तारखांवर तिकीट काढू नका.

अपग्रेडला होकार दिल्यावर दुसऱ्या फेरीत पसंतीक्रम नव्याने भरावा लागतो. तिथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे लांबलचक यादी. दुसऱ्या फेरीत कोणतीही जागा मिळाली की पहिली आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून ओडिशापेक्षा जे खरोखर हवं आहे तेवढंच भरा : एम्स नागपूर, मेडिकल, मेयो, आणि ज्या गावी मुलगी आनंदाने राहील अशी आणखी काही. 'असू द्या, भरून ठेवू' म्हणून टाकलेलं विसावं नाव नेमकं लागतं आणि हातातलं चांगलं जातं. वरचं काहीच लागलं नाही तर ओडिशाची जागा तशीच राहते.

त्या महाविद्यालयाची फी, सेवाबंध आणि मध्येच जागा सोडल्यास भरायची रक्कम एमसीसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेच्या माहितीत असते. सेवाबंधाच्या अटी राज्यागणिक वेगळ्या. महाराष्ट्रात सरकारी एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा किंवा 10 लाख रुपये, असा बंध आहे.

एक विनंती आहे. 'मेडिकल किंवा मेयोच' हे पुन्हा तपासून बघा. 2024 मध्ये भंडारा, गडचिरोली, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा इथे सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला आधीपासून आहेतच. भंडारा तर नागपूरहून दीड तासावर. नव्या महाविद्यालयात रुग्णालय आणि शिक्षक पूर्ण भरलेले आहेत का ते स्वतः जाऊन बघा, पण पदवी तीच आणि घर जवळ. अठरा वर्षांच्या मुलीला परभाषिक गावी पाठवण्यापूर्वी ही नावं राज्याच्या पसंतीक्रमात असायला हवीत असं आमचं ठाम मत आहे.

राज्यात जागा मिळाली आणि ती मनासारखी असेल तर रुजू होताना 'स्टेटस रिटेन्शन'चा अर्ज भरा. तो भरला नाही तर पुढच्या फेरीत अधिक वरच्या पसंतीसाठी तुमचा विचार होतो आणि ती लागली की आधीची जागा जाते.

प्रश्न : मुलाला सरकारी मिळणं कठीण दिसतं. सावंगीसाठी (वर्ध्याजवळचं अभिमत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय) एमसीसीत नोंदणी करावी का? 2 लाख अनामत म्हणतात, ते परत मिळतात का? शेजाऱ्यांचे अडकले आहेत.
— वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : अभिमत (डीम्ड) विद्यापीठांसाठी नोंदणी शुल्क 5,000 (परत मिळत नाही) आणि अनामत 2 लाख. जागाच मिळाली नाही, किंवा पहिल्या फेरीत मिळून तुम्ही गेला नाहीत, तर अनामत परत येते. दुसऱ्या फेरीत मिळाली आणि घेतली नाही तर 2 लाख गेले. म्हणून घरात बसून आधी साडेचार वर्षांच्या फीची बेरीज करा, मग नोंदणी. अभिमतची वार्षिक फी वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर असते आणि वसतिगृह, खानावळ वेगळी. ती झेपणार नसेल तर 'बघू तर खरं' म्हणून भरू नका.

परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा एजंटच्या कार्डाने भरणा केला की पैसे त्याच्याकडे परत जातात. शेजाऱ्यांनी भरणा कोणाच्या कार्डाने केला होता, हे आधी विचारा. स्वतःच्या खात्यातून भरा आणि परतावा येईपर्यंत ते खातं बंद करू नका.

सावंगी आणि हिंगण्याचं एन. के. पी. साळवे यांची गल्लत बरेच जण करतात. साळवे खासगी विनाअनुदानित आहे. तिथल्या राज्य कोट्याच्या जागा राज्याच्या कॅपमधून भरतात आणि फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ज्या वाचकांना मुलगी आहे त्यांच्यासाठी : ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस वर्ग, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर 2024 च्या शासन निर्णयानुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. या एका फरकाने कितीतरी घरांचा निर्णय बदलतो.

प्रश्न : विदर्भातल्या मुलांना इथे 70 टक्के जागा राखीव असतात ना? मग पहिल्या फेरीत घाई कशाला?
— वाचक, काटोल

उत्तर : नाही. ती 70:30 ची प्रादेशिक पद्धत 2020 मध्ये रद्द झाली. आता संपूर्ण राज्याची एकच गुणवत्ता यादी आहे, लातूरचा मुलगाही मेडिकलसाठी तुमच्याच रांगेत. 2020 पूर्वीचे जुने कटऑफ कोणी दाखवले तर ते बाजूला ठेवा.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेची नागरिक आहे, तिथेच बी.एस. करते. ती म्हणते, मेडिकल स्कूलला 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करू का? इथे आम्हाला काहीच कळत नाही, तिला काय सांगू?
— मामा, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तिथे हा निर्णय आपल्या पहिल्या फेरीच्या अगदी उलट आहे. एमसीसीत लवकरचा होकार मागे घेता येतो, तिथे घेता येत नाही. अर्ली डिसिजनमध्ये एकाच मेडिकल स्कूलला, साधारण 1 ऑगस्टपर्यंत, अर्ज आणि गुणपत्रकं पोचवायची. स्कूल 1 ऑक्टोबरपर्यंत कळवतं. प्रवेश दिला तर तिथेच जायचं. तोवर दुसऱ्या कुठल्याही एम.डी. (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) स्कूलला अर्ज करता येत नाही.

खरी जोखीम नकाराची आहे. बहुतेक स्कूल अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखती देत जातात. नेहमीचे उमेदवार जूनमध्येच अर्ज टाकून मोकळे झालेले असतात. भाचीला ऑक्टोबरमध्ये नकार आला तर बाकीच्या स्कूलच्या रांगेत ती चार महिने मागे असेल आणि काही ठिकाणी मुलाखतींचे दिवस बरेच भरलेले असतील. शिवाय दोन स्कूलच्या आर्थिक मदतीची तुलना करायची संधीही तिला मिळणार नाही.

तरीही एका प्रसंगी हा मार्ग चांगला : गुण आणि एमकॅट (तिथली मेडिकल प्रवेश परीक्षा) त्या स्कूलच्या नेहमीच्या विद्यार्थ्यांपेक्षा वरचे, ती त्याच राज्याची रहिवासी, आणि तिथे राहण्याचं घरगुती किंवा कामाचं ठोस कारण. गुण थोडे कमी आहेत म्हणून 'लवकर अर्ज केला तर घेतील' असा तिचा हिशेब असेल तर तिला थांबवा. ही वाट कच्च्या अर्जाला सोपी नसते, उलट तिथे निवड अधिक काटेकोर असते. एमकॅटचा निकाल परीक्षेनंतर साधारण महिन्याने येतो, तेव्हा परीक्षा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरकलेली हवी. एएएमसी या तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या माहितीसंचात ते स्कूल अर्ली डिसिजन घेतं का आणि कोणाला घेतं ते पाहता येतं. मग प्रवेश कार्यालयाला थेट फोन करून विचारायचं की माझ्यासारख्या उमेदवाराने अर्ज करावा असं तुम्हाला वाटतं का. उत्तर गुळमुळीत आलं तर जूनमध्ये पंधरावीस स्कूलला नेहमीच्या पद्धतीने अर्ज करणं बरं.