मंदिर पडले, तरी परमेश्वर राजा कसा?

प्रश्न : बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले, राजाला कैद केले आणि लोकांना परमुलुखात नेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे मार्दुक या बाबेलच्या देवाने इस्राएलाच्या देवाला हरवले, असाच याचा अर्थ होतो. मग साऱ्या इतिहासावर परमेश्वराची सत्ता आहे, असे यहेज्केल संदेष्टा कशाच्या बळावर सांगतो? आणि बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्याकडून परमेश्वरानेच हे करवून घेतले असेल, तर माणसाला दोष कसा द्यायचा?

उत्तर : आपला प्रश्न यहेज्केलाच्या पहिल्या श्रोत्यांनाही छळत होता, म्हणून त्याच्याकडे घाईने पाहणे योग्य नाही. प्रथम काळाचा क्रम नीट लक्षात घ्यावा. बाबेलने यरुशलेम पहिल्यांदा घेतले ते इ. स. पू. ५९७ मध्ये. तेव्हा तरुण राजा यहोयाखीन याच्याबरोबर जे लोक पाडाव करून नेले गेले, त्यांच्यात बूजी याजकाचा मुलगा यहेज्केल होता. मंदिर त्या वेळी शाबूत होते. ते जळाले सुमारे दहा वर्षांनी. यहेज्केलाला पहिले दर्शन झाले ते बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५९३ मध्ये, खबार नदीच्या तीरी. ही ‘नदी’ बहुधा निप्पूर शहराजवळचा एक कालवा असावा, कारण त्या भागात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर त्याच नावाच्या कालव्याचा उल्लेख आहे. यहेज्केलाच्या पुस्तकाच्या आरंभी ‘तिसाव्या वर्षी’ असे शब्द येतात. ते त्याचे वय आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. मला हा अर्थ पटतो, आणि तो वाचताना मन हेलावते, कारण तिसावे वर्ष हे पवित्रस्थानाच्या सेवेत उभे राहण्याचे वर्ष होते, आणि हा याजक मात्र त्या वर्षी मंदिरापासून शेकडो कोस दूर, परक्या देशातल्या कालव्याच्या काठी बसलेला होता.

त्याला तेथे जे दिसले त्यातच आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आहे. त्याला सिंहासन दिसले, पण त्या सिंहासनाखाली चाके होती, चाकांत चाके, कोणत्याही दिशेला न वळता जाणारी. ज्या देवाचे आसन यरुशलेमच्या परमपवित्रस्थानी, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात आहे असे याजक लहानपणापासून शिकत आला होता, तो देव बाबेलच्या मुलखात येऊन भेटला. पुढच्याच वर्षी झालेल्या दर्शनात (अध्याय ८ ते ११) परमेश्वराचे तेज मंदिरातून बाहेर पडताना दिसते, आणि तेही सावकाश: करुबांवरून (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांवरून) उठून उंबरठ्यापाशी, तेथून पूर्वेच्या दरवाजाशी, आणि अखेर नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर. जणू निघताना पाऊल अडखळत आहे. हे दर्शन मंदिर जळण्याच्या कितीतरी आधीचे आहे, हे विसरू नये. मार्दुकाने परमेश्वराला त्याच्या घरातून हाकलले नाही. लोकांच्या मूर्तिपूजेमुळे आणि देशभर माजलेल्या हिंसेमुळे परमेश्वर स्वतः ते घर सोडून गेला, आणि मग शत्रूच्या हाती रिकामे घर लागले. त्याच दर्शनात पाडाव केलेल्या लोकांविषयी परमेश्वर म्हणतो की, मी त्यांना दूर देशी घालवले असले तरी तेथे थोडा काळ मीच त्यांचे पवित्रस्थान झालो आहे. मंदिराविना देव ही कल्पनाच ज्यांना सहन होत नव्हती, त्यांच्यासाठी हे किती मोठे वाक्य होते, याचा विचार करावा.

आता नबुखद्नेस्सराविषयी. एकविसाव्या अध्यायातले एक दृश्य फारसे वाचले जात नाही. बाबेलचा राजा रस्त्याच्या फाट्यावर उभा आहे. एक वाट अम्मोन्यांच्या राब्बा नगराकडे जाते, दुसरी यरुशलेमकडे. कोणत्या वाटेने जावे हे ठरवण्यासाठी तो बाण हलवतो, कुलदेवतांना कौल लावतो, बळी दिलेल्या पशूचे काळीज तपासतो. हे सर्व त्याच्या धर्माचे विधी आहेत, यहेज्केलाच्या दृष्टीने पूर्ण निरर्थक. तरीही कौल यरुशलेमचाच निघतो. राजाला कोणी ढकललेले नाही. तो आपल्या देवांना विचारून, आपल्या लोभाने, आपल्या डोक्याने निर्णय घेतो, आणि तोच निर्णय परमेश्वराच्या न्यायाच्या कामी येतो. यहेज्केलाला कळसूत्री बाहुली दाखवायची नाही.

ही सत्ता किती सरळ नसते हेही तो लपवत नाही. नबुखद्नेस्सर समुद्रकाठच्या सोर या व्यापारी नगराचा नाश करून त्याची संपत्ती लुटील, असे त्याने सव्विसाव्या अध्यायात सांगितले होते. योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे वेढा तेरा वर्षे चालला, पण अपेक्षित लूट हाती आली नाही. इ. स. पू. ५७१ मध्ये यहेज्केल हे स्वतःच नोंदवतो: प्रत्येक डोक्याचे टक्कल पडले, प्रत्येक खांदा सोलला, तरी राजाला व त्याच्या सैन्याला सोराकडून मजुरी मिळाली नाही, म्हणून मिसर (इजिप्त) देश त्याला मजुरी म्हणून दिला जाईल (२९:१७-२०). आपलेच आधीचे शब्द आणि घडलेले वास्तव यांच्यातील अंतर संदेष्ट्याने पुस्तकात राहू दिले, याचे मला मोल वाटते. सम्राट त्याच्या लेखी मजूर आहे, आणि मजुराची मजुरी ठरवणारा मालक दुसराच आहे.

दोषाचा मुद्दा उरतो. अम्मोन, मवाब, अदोम, पलिष्टी, सोर, सीदोन आणि मिसर यांच्याविरुद्ध यहेज्केल बोलतो, पण बाबेलविरुद्ध त्या मालिकेत एकही वचन नाही. बाबेल निर्दोष होती म्हणून नव्हे. माझ्या मते, दोष शत्रूवर ढकलून मोकळे होण्याची वाट त्याला आपल्या लोकांसाठी बंद करायची होती. बाबेलचा हिशोब दुसरीकडे मांडलेला आहे: यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर बाबेलला सांगतो की, मी माझे लोक तुझ्या हाती दिले, पण तू त्यांच्यावर दया केली नाहीस. परमेश्वराने हाती दिले, तरी निर्दयतेचा जाब बाबेललाच द्यावा लागतो.

उलट बाजूची पळवाटही यहेज्केल बंद करतो. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण लोकांच्या तोंडी होती; म्हणजे पाप पूर्वजांचे, भोग आमचे, आमच्या हाती काहीच नाही. अठराव्या अध्यायात तो ही म्हण मोडून काढतो आणि दुष्टाच्या मरणाने परमेश्वराला संतोष होत नाही, म्हणून मागे फिरा आणि जगा, असे विनवतो. इतिहास आधीच पुरता ठरलेला असता, तर ‘मागे फिरा’ या हाकेला काही अर्थ उरला नसता.

आपण अध्याय ८ ते ११ एका बैठकीत वाचावेत आणि लगेच ३३:२१ कडे यावे. तेथे यरुशलेमहून निसटून आलेला एक माणूस येतो आणि एवढेच सांगतो, की नगर पडले. त्या क्षणापर्यंत न्यायाचे शब्द बोलणारा यहेज्केल तेथून पुढे मेंढपाळ, नवे हृदय आणि वाळलेल्या हाडांत येणारा श्वास यांविषयी बोलू लागतो.