एनॅक्टिव्हिझमला 'कृतिवाद' म्हणावं का?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. एम.एड.च्या प्रबंधासाठी त्या गणिताच्या वर्गाचा अभ्यास एनॅक्टिव्हिझमच्या, म्हणजे जाणणं हे करण्यातूनच घडतं या विचाराच्या, अंगाने करणार आहेत, आणि मार्गदर्शकांना मराठी शब्द हवा आहे. 'कृतिवाद' चालेल का? आणि हा ज्ञानरचनावादच, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हाच विचार, नव्हे का?

'कृतिवाद' टाळा, असं मी म्हणेन. आपल्या शाळांत 'कृती' हा शब्द आधीच अडकलेला आहे: कृतियुक्त अध्ययन, कृतिपत्रिका. 'कृतिवाद' म्हटलं की परीक्षकांच्या डोळ्यांपुढे मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे येणार. शिवाय मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी शिकण्याच्या कृती, प्रतिमा, चिन्ह अशा तीन पायऱ्या सांगितल्या, त्या बी.एड.ला शिकवतात; त्यांतल्या पहिलीचं मूळ नावही 'एनॅक्टिव्ह'च आहे. तिथे कृती ही चिन्हांकडे जाण्याची सुरुवात. एनॅक्टिव्हिझममध्ये मात्र ती कधी मागे पडत नाही; फळ्यावर समीकरण सोडवणारे प्राध्यापकही करतच जाणत असतात.

या विचाराचं मूळ चिलीचे जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो मातुराना आणि फ्रान्सिस्को वरेला यांच्याकडे आहे. वरेला, इव्हान थॉम्प्सन आणि एलिनॉर रॉश यांच्या १९९१ च्या पुस्तकाने हे नाव रुळवलं. जाणणं म्हणजे बाहेरच्या तयार जगाचं चित्र मनात उतरवणं नव्हे, असं ते म्हणतात. वरेलांच्या आवडत्या दाखल्यात सांगायचं तर पायवाट आधी नसते, चालण्यानेच पडते.

वर्गात याचा अर्थ काय? चौथीच्या मुलांना कागद देऊन सांगा, 'पाऊण भाग करून दाखवा.' एकजण अर्ध्याला पाव जोडेल. दुसरी पूर्ण कागदातून पाव काढून टाकेल. (आपला 'पाऊण' मुळात 'पादोन', म्हणजे पावाने उणा, या मुलीने नकळत शब्दाची व्युत्पत्तीच करून दाखवली.) तिसरा घड्या घालत बसेल आणि आठातले सहा भाग रंगवेल. बाईंचा प्रश्न एकच, पण तिघांनी सोडवलेली गणितं वेगळी. प्रश्नाने फक्त चालना दिली. पुढे काय व्हायचं ते त्या त्या मुलाच्या आजवरच्या घडणीवर ठरलं. आणि 'सहा आठवे' ऐकल्यावर बाईंचा पुढचा प्रश्नही बदलतो. मूल, बाई, गणित, कुणीच पहिल्यासारखं राहत नाही.

ज्ञानरचनावादापासूनचा फरक इथे आहे. कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळांमुळे तो शब्द सातारा जिल्ह्यात घरोघरी गेला, आणि तिथलं काम मोलाचंच आहे. पण 'रचना' म्हटली की रचणारा वेगळा आणि रचलेली वस्तू वेगळी, असा भास होतो. मराठीतलं 'घडणं' जास्त जवळचं वाटतं: विद्यार्थी घडतो, चूक घडते, ओळख घडते. म्हणून माझी सूचना 'घडणवाद'. 'आचरणवाद' वर्तनवादाशी (फक्त बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या मताशी) गोंधळेल, 'साकारवाद' चित्रकलेतला वाटेल.

संशोधनपद्धतीबद्दल मात्र थोडं अधिक सांगायला हवं, कारण तुमचं काम तेच आहे. गणितशिक्षणाचे संशोधक डेव्हिड रीड यांनी १९९६ मध्येच एनॅक्टिव्हिझमची संशोधनपद्धती म्हणून मांडणी केली होती. पाहणारा पाहिलेल्या गोष्टीच्या बाहेर नसतो, म्हणून तुम्ही वर्गात काय टिपलं यात तुमचं शिक्षकपणही आलं. एकच चित्रफीत अनेकांनी पुन्हापुन्हा पाहायची ती यासाठी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे गणितशिक्षणाचे अभ्यासक लॉरिंडा ब्राऊन आणि आल्फ कोल्स शिक्षकांसोबत फीत पाहताना आधी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायला लावतात. 'मुलाला कळलं नाही' यासारखा निवाडा मागाहून. हे करून बघा, फार अवघड जातं. 'तिने बोट कागदावर ठेवलं आणि थांबली' एवढंच म्हणून गप्प बसायला सराव लागतो.

तेव्हा शीर्षकात 'एनॅक्टिव्हिझम' तसाच ठेवा, पहिल्या प्रकरणात 'घडणवाद' देऊन दोन वाक्यांत त्याची फोड करा, आणि ब्रूनरची 'एनॅक्टिव्ह' वेगळी आहे हे तिथेच नोंदवा.