पावतीवर गाडी चालवता येईल का?

प्रश्न : मी मालवणहून फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला मासळी पोचवणारी पिकअप चालवतो. कणकवलीजवळ गाडी चालवताना फोन कानाला लावलेला असल्याने पोलिसांनी अडवले. मी दंड भरला, तरी लायसन्स जप्त करून मला पावती देण्यात आली. गेल्या आठवड्यात तीन महिन्यांच्या निलंबनाचा आदेश हाती आला. सुनावणीची नोटीस मला मिळालीच नाही. लायसन्सवर देवगडच्या जुन्या घराचा पत्ता आहे. मासेमारीवरची बंदी उठून हंगाम सुरू झाला आहे आणि मालक म्हणतात, पावतीवर चालव. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी, स्टिअरिंगला हात लावू नका. लायसन्स जप्त झाल्यावर मिळणारी पावती अनेक प्रकरणांत तात्पुरता परवाना म्हणून चालते, त्यामुळे तुमच्या मालकांचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 206(4) खाली, म्हणजे निलंबनासाठी पाठवण्याकरिता, लायसन्स जप्त झाले असेल, तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर वाहन चालवण्याचा अधिकार मिळत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय आता आदेशच झाला आहे. निलंबनाच्या काळात वाहन चालवल्यास कलम 182 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाणूनबुजून गाडी हाती देणारे मालकही कलम 180 खाली अडकतात, आणि घाटात एखादा अपघात झालाच, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकांकडून वसूल करायला निघते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. त्यांचे नुकसान तुमच्यापेक्षा मोठे आहे.

दंड भरल्यामुळे विषय मिटला, हा समजही सोडून द्यावा लागेल. हातात फोन धरून गाडी चालवण्याचा गुन्हा दंड भरून तडजोडीने मिटवता येतो हे खरे, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 200 मध्येच नमूद आहे की अशा तडजोडीमुळे निलंबनाची कारवाई थांबत नाही.

तुमच्या बाजूचा खरा मुद्दा नोटिशीचा आहे. कलम 19 नुसार आदेश देण्यापूर्वी लायसन्सधारकाला म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. ओरोसच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा आणि आदेश यांच्या प्रमाणित प्रती मागा, आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नोटिशीचे पाकीट ‘घर बंद’ असा शेरा पडून परत आले असेल, तर तुमच्या म्हणण्याला वजन येते. घरातल्या कोणी सही करून ते घेतले असेल, तर हा मुद्दा फार टिकेल असे मला वाटत नाही.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे आणि त्यातला आठवडा गेला आहे. ज्या पाकिटातून आदेश आला ते जपून ठेवा, कारण त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून मुदत सिद्ध होते. अपील दाखल केल्याने लायसन्स आपोआप चालू होत नाही, म्हणून त्यासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्या आणि जप्तीच्या दिवसापासूनचा काळ तीन महिन्यांत धरावा, अशी पर्यायी विनंती करा. अपिलाच्या निकालापर्यंतच बरेच दिवस जातात, त्यामुळे माझ्या मते ही दुसरी विनंतीच तुमच्या अधिक उपयोगाची आहे.

लायसन्स हरवल्याचे सांगून दुसरी प्रत काढण्याचा सल्ला कोणी एजंट देईल. तो ऐकू नका. निलंबनाची नोंद लायसन्सची माहिती ठेवणाऱ्या सरकारच्या ‘सारथी’ या संगणक प्रणालीत असते, आणि निलंबित असताना लायसन्ससाठी अर्ज करणे हाही कलम 182 खालीच गुन्हा आहे.

मुदत संपल्यावर लायसन्स परत मागण्याचा अर्ज द्या, आदेशात उजळणी प्रशिक्षणाची अट असल्यास त्याचे प्रमाणपत्र जोडा, आणि ‘सारथी’वर स्थिती पूर्ववत दिसल्यावरच गाडी बाहेर काढा. त्याच वेळी पत्ताही बदलून घ्या. पुन्हा असाच गुन्हा घडला, तर कलम 19(1क) प्रमाणे निलंबन नव्हे, लायसन्स थेट रद्द होण्याची पाळी येते.