लोककथेच्या सत्राबद्दल, तू विचारलंस म्हणून

पोरी,

सत्र कसं घ्यायचं हे विचारणारा तुझा मेसेज वाचला, लगेच फोनच करणार होतो, पण फोनवर मी भरकटतो हे तुला माहितीये, म्हणून लिहूनच काढतो. जिल्ह्याच्या आदिवासी साहित्य संमेलनात यंदा लोककथेचं सत्र तुझ्याकडे आलंय, फार बरं झालं. तू पाठवलेली कार्यक्रमपत्रिका पण बघितली. दुपारी २ ते ३, पाच कथाकार, प्रत्येकी १० मिनिटं आणि शेवटी अध्यक्षीय समारोप. हे आधी खोड. म्हणजे इकडंतिकडं करू नकोस, पूर्णच खोड.

१० मिनिटात थाळीवरची कथा होतच नाही गं. कोकणा जमातीचा भगत थाळीला मेण लावून त्यात काडी उभी करतो, मग ती काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहतो, तो घुमणारा आवाज एकदा लागला की मग त्यावर कथा सुरू होते, आणि विधीच्या निमित्ताने अशी कथा रात्र रात्र चालते. त्या माणसाला तू भर दुपारी पत्र्याच्या मांडवात, जेवणाच्या रांगेचा गोंगाट चालू असताना, "आजोबा पाच मिनिटं राहिलीत" अशी चिठ्ठी देणार का? तो काही बोलणार नाही, गुपचूप थाळी उचलून खाली उतरेल, आणि पुढच्या वर्षी बोलावलंस तर तब्येतीचं कारण सांगेल. त्यापेक्षा दोनच कथाकार घे. आणि सत्र रात्री ठेव, जेवणं झाल्यावर. मुक्कामी माणसं तशीही जागीच असतात, कवीसंमेलन संपलं की उगाच गप्पा मारत बसतात.

स्टेजवर पण नको. खाली सतरंजी टाक, सांगणारा मध्ये, ऐकणारे भोवती. बरेच सांगणारे समोरच्याच्या होकाऱ्यावर पुढं सरकतात, कोणी "हां" म्हणणारं नसेल तर त्यांना कथाच सुचत नाही, आणि पोडियमच्या मागे उभं राहून अंधारात बसलेल्या लोकांकडे बघत कसली आलीये कथा. साथीदार असेल तर त्यालाही बोलाव, "बजेट एकाचंच आहे" असं कमिटीतून कोणी म्हणेल, ऐकू नकोस. माइक लागेलच, पण कॉलरला लावायचा छोटा घे, आणि थाळीजवळ एक वेगळा ठेव, नाहीतर तिचा आवाज पोचतच नाही.

स्टेजवरून आठवलं. वाहरू सोनवण्यांची 'स्टेज' कविता वाचली असशीलच, नसशील तर आजच वाच. शहाद्याच्या आदिवासी चळवळीत वाढलेला हा भिल्ल कवी, त्याने कधीच लिहून ठेवलंय की आमचं दुःख आम्हालाच स्टेजवरून कसं सांगितलं जातं आणि आम्ही खाली बसून कसं ऐकतो. आता आपलं संमेलन मुळात कशासाठी सुरू झालं? १९७९ ला भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं ते यासाठीच ना, की आपलं आपण बोलावं. आणि आज बघ, उद्घाटनाला आमदार दोन तास उशिरा, मग सगळ्यांचे सत्कार, शाली, नारळ, आणि त्यात जो वेळ जातो तो कापला जातो कोणाच्या सत्रातून? कायम लोककथेच्याच. परिसंवाद कोणी कापत नाही कारण तिथं प्राध्यापक बसलेले असतात. मला हे स्पष्ट म्हणायला काही वाटत नाही, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना खाली बसवलंय. सत्र रात्री ठेवायचं हेही एक कारण आहे, तिथपर्यंत आमदारांचा उशीर पोचत नाही.

पण याचा अर्थ सगळं पाड्यावरच राहू दे, बाहेर काही नेऊच नका, असं मी म्हणत नाहीये. ती भूमिका शहरातल्या लोकांना फार आवडते, मला नाही. जिव्या सोमा म्हशेंनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर नेलं, जगभर नेलं, २०११ ला पद्मश्री मिळाली, आणि त्यामुळे डहाणूच्या बाजूच्या किती पोरांच्या हातात काम आलं. तरी लग्नात घरातल्या भिंतीवर काढतात तो चौक वेगळाच राहिला. तो सुवासिनी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नाचे विधी करणारी बाई, गाते, त्यात पालघट देवी बसते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे एक गोष्ट बाहेर गेली आणि एक घरात राहिली, आणि कुठली कुठे हे वारल्यांना बरोबर कळतं. तुलाही तेच करायचंय, फक्त ते तू ठरवायचं नाहीस, सांगणाऱ्याने ठरवायचं. सरळ विचार, "ही कथा विधी नसताना सांगितली तर चालते का? दिवसा चालते का? बायकांसमोर, परक्यांसमोर?" नाही म्हणाले तर विषय संपला, दुसरी सांगतील, त्यांच्याकडे कमी नसतात. आग्रह करू नकोस. धवलेरीला "दोन ओळी तरी म्हणा" म्हणणारे निवेदक मी बघितलेत, तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तारप्याचं पण तेच. वाळलेला दुधी आणि बांबू वापरून बनवलेलं ते वाद्य भाताचं नवं पीक आल्यावरच्या दिवसांत वाजतं, आणि आपण पाहुण्यांची एंट्री झाली की वाजवायला लावतो, वर मागे डीजे चालूच. असो, हे तुझ्या हातात नाही.

भाषेचं मात्र तुझ्या हातात आहे. कथा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत होऊ दे, कोकणा असेल तर कोकणा, गोंडी तर गोंडी. दर वाक्याला थांबवून मराठीत सांगायचं खूळ कोणीतरी काढेल, ते करू नकोस, लय पार मोडते. आधी दोन मिनिटात मराठीत सांग की कथा कोणाची आहे, कुठल्या प्रसंगी सांगतात, मग गप्प बस. ज्यांना शब्द कळणार नाहीत त्यांना निदान आवाज तरी कळेल, आणि थोडं न कळणं त्यांनाही सोसू दे, आपल्या पोरांनी पहिलीच्या वर्गात तेच सोसलंय. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत नाही, आदिवासी भाषांतल्या संथाळी आणि बोडो या दोनच तिथं पोचल्यात, त्याही २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर. सरकारदरबारी जागा नसलेल्या भाषेला आपल्या मांडवात तरी भाषांतराशिवाय बसता यावं.

आता पैशाचं, कारण याच्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. बीजभाषण करणाऱ्याला जेवढं मानधन तेवढंच कथा सांगणाऱ्याला, एक रुपया कमी नाही, आणि ते पण त्याच दिवशी हातात, रोख. चेक देऊ नकोस, बँकेत जायला त्यांचा अख्खा दिवस जातो, कधी नावाचं स्पेलिंगच चुकलेलं असतं. न्यायला गाडी पाठव, सोबत घरातलं एक माणूस येऊ दे, रात्री उशीर झाला तर झोपायची नीट सोय कर, शाळेच्या व्हरांड्यात नाही.

रेकॉर्डिंगचं तुझ्या मनात असणारच. परवानगी घे, आणि ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घे, माइक लावताना घेतलेली परवानगी ही परवानगी नसते, तेव्हा कोण नाही म्हणणार? युट्यूबवर टाकणार असशील तर तसं सांग, युट्यूब म्हणजे कोण कोण बघेल ते मोबाईलवर दाखवून सांग. एक कॉपी त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे टाकून दे. आणि समोर बसलेले पन्नास जण आपापले मोबाईल वर करून शूट करतील त्यांना आधीच सांग की खिशात ठेवा, थोडं कडक बोललीस तरी चालेल.

कमिटी रात्रीच्या सत्राला पहिल्यांदा नाहीच म्हणेल, लाइटचं, बंदोबस्ताचं, बायकांच्या परतीचं कारण देतील. त्यातलं परतीचं कारण खरं आहे, त्याची सोय आधी करून मगच मीटिंगला जा, म्हणजे बाकीच्या कारणांत काही दम उरणार नाही. मीटिंग कधी आहे ते कळव, आणि थाळीवाल्या आजोबांकडे जाशील तेव्हा मलाही यायचंय, एकटीच जाऊ नकोस.