पोरानं 412 ओळी खोडल्या, मग केलं काय?

परभणी जिल्ह्यातल्या एका झेडपी शिक्षकांचं पत्र आलंय. मुलगा संभाजीनगरला कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. त्यांच्याच शब्दात थोडं देतो (डिबगर म्हणजे प्रोग्राम कुठं अन् का बिघडला ते शोधायचं सॉफ्टवेअर, एलएलडीबी हा त्यातलाच एक, कोड सगळ्यांना खुला असलेला; गिटहब म्हणजे कोड ठेवायची वेबसाइट): "पाच महिने झाले सर, एलएलडीबी का काय त्या डिबगरचं काम फुकट करतोय. रूम पार्टनर सांगतो, क्रॅश झालेल्या प्रोग्रामच्या डंपवरून डिबगर प्रोसेस कशी उभी करतो ते म्हणे नीट लावतोय. मी स्वतः त्याच्या गिटहबवर बघितलं, 412 ओळी काढल्या अन् 137 घातल्या. नवीन एक बटण बनवलं नाही. पार्टनर मला रोज रात्री फोन करतो, दोन वाजता पण काळी स्क्रीन उघडून बसलेला असतो म्हणे. डेटा सायन्सचा क्लास लावू, गेट करू देऊ का एमपीएससी, तेवढं सांगा."

गुरुजी, क्लासचं नंतर बोलू, आधी त्या पार्टनरचं बोलू. तुम्ही ते अगदी सहज लिहून टाकलंय, दुधाचा हिशोब लिहावा तसं. दुसऱ्याच्या लेकराला तुमच्या लेकरावर पहाऱ्याला बसवलंत, आणि तुम्हाला वाटतंय त्याला पत्ता नाही? दहा बाय दहाच्या खोलीत राहतात ती दोघं, पत्ता असतोच. मग ते पोरगं फोनवर "हो पप्पा, अभ्यास चालूय" एवढंच बोलून ठेवून देतं, तुम्हाला वाटतं लपवतंय म्हणजे काहीतरी वाकडंच चाललंय, म्हणून पार्टनरला अजून एक फोन, आणि हे चक्र पाच महिने झाले फिरतंय. पत्र मी दोनदा वाचलं. पोरगं काय काम करतं हेसुद्धा तुम्हाला पार्टनरकडून कळलंय. 'त्यानं मला सांगितलं' असं एक वाक्य नाही सापडलं मला. साडूच्या पोराचं पुण्यातलं पॅकेज मात्र दोनदा आलंय, त्याला मी उत्तर देत नाही.

मार्कांची मला तेवढी काळजी नाही वाटली, ह्याची वाटली.

आता त्या 412 ओळी. विहिरीवर मोटर असेलच तुमच्या. जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडं नेता, तो काय ती चालू करून बघतो का? उघडतो, दोन फेजचं वाइंडिंग काळं आणि तिसऱ्याचं चांगलं दिसलं की सांगतो, एक फेज गेला तरी चालूच होती म्हणून जळाली. पत्रातला तो डंप, कोअर डंप म्हणतात त्याला, म्हणजे ती उघडलेली मोटर समजा. लिनक्सवर प्रोग्रामनं भलत्याच मेमरीला हात लावला की सिग्नल 11 बसून तो पडतो, आणि सेटिंग चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणाची मेमरी, प्रत्येक थ्रेडचे (प्रोग्रामात एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक धाग्याचे) प्रोसेसरमधले रजिस्टर, कोणती फाईल मेमरीत कुठं बसली होती, सगळं एका फाईलमध्ये टाकून देतो. ('कोअर' हे नाव जुन्या मशीनमधल्या चुंबकी कोअर मेमरीवरून पडलंय, ती मेमरी गेली, नाव राहिलं.) डिबगरला त्या फाईलवरून मेलेली प्रोसेस परत मांडावी लागते, पुढं चालवता येत नाही, नुसती बघता येते. आणि फाईली एका जातीच्या नसतात, लिनक्सची ईएलएफ वेगळी, मॅकची माक-ओ वेगळी, विंडोजकडून आलेली मिनिडंप वेगळी, एलएलडीबीत तिन्हींचे प्लगिन वेगवेगळे. मग फाईल धरून ठेवणं, मेमरी वाचणं, थ्रेड मांडणं, ह्यातलं तेच ते तीन ठिकाणी लिहिलं गेलं की एका ठिकाणची चूक सुधारली तरी उरलेल्या दोन ठिकाणी ती तशीच बसून राहते. सामाईक काम एका जागी आणायचं म्हटल्यावर ओळी कमीच होणार की हो! तीन पानांचं गणित आठ ओळीत सोडवणाऱ्या पोराची पाठ तुम्ही वर्गात थोपटता, मग घरच्या पोराच्याच ओळी कामून मोजायला बसलात? आणि अट अशी असते की आतलं सगळं हललं तरी बाहेर काडीचा फरक दिसायला नको. जुन्या कोअर फाईली ठेवलेल्या असतात, बदलाच्या आधी जो स्टॅक (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ती यादी) दिसायचा तोच नंतर दिसला पाहिजे, तेही परक्या देशातली ओळख ना पाळख असलेली माणसं ओळ न ओळ तपासणार. नवीन बटण बनवायला ह्यापेक्षा सोपं असतं गुरुजी, खरं सांगतो.

गेट तिसऱ्या वर्षाला पण देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, एमपीएससीला पदवी लागते, त्याला हवं असेल तर तो बघेल. डेटा सायन्सचा क्लास नको. हजारो ओळींचा दुसऱ्याचा सी प्लस प्लस कोड वाचून त्यात हात घालणाऱ्या पोराला तिथं बसवून काय शिकवणार आहेत?

पण गोड गोड पण बोलणार नाही. कंपायलर, डिबगर असल्या कामाच्या जागा थोड्या असतात, चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या टीममध्ये, जास्त करून बेंगळुरू-हैदराबाद, काही पुण्यात. आपल्याकडच्या कॉलेजात त्या कॅम्पसला येतील ह्या भरवशावर राहू नका, त्यालाच शोधत जावं लागेल, आणि तेव्हा तपासून आत घेतलेला हा कोडच दाखवायला कामाला येईल. तोपर्यंत गुगल समर ऑफ कोडमध्ये (खुल्या कोडवर नवख्यांकडून काम करून घेणारा गुगलचा कार्यक्रम) एलएलव्हीएम ह्या कंपायलरच्या मोठ्या खुल्या प्रकल्पाचे प्रोजेक्ट असतात, एलएलडीबी त्यातलाच भाग आहे, निवड झाली तर थोडे पैसे पण मिळतात.

आणि हे त्याला वाचायला द्या: बाळा, काम चांगलं आहे पण त्याच्या आड एम-थ्री लपवू नको. पेंडिंग बॅकलॉग दिसला की बऱ्याच कंपन्या फॉर्मच घेत नाहीत, तुझ्या पॅचपर्यंत, त्या कोडमधल्या बदलापर्यंत, कुणी पोचणारच नाही. एम-थ्रीतला लाप्लास कंटाळवाणा आहे, माहितीय मला, दोन महिने काढ त्याला. आणि रात्री दोनचं एक कर.

गुरुजी, पार्टनरला आजच फोन करून सांगा, उद्यापासून फोन करू नको म्हणून. रविवारी संभाजीनगरची गाडी पकडा, पॅकेजचं नाव काढू नका, लॅपटॉप उघडायला लावा आणि म्हणा, ही मोटर कशी जळाली ते दाखव मला. अर्धं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. एम-थ्रीचा पेपर कधी आहे तेही त्यालाच विचारा.