करवंदाचे बी उगवत नाही? साठवू नका, ताजेच पेरा

प्रश्न : बांधावर करवंदाचे जिवंत कुंपण करायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात बी उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवले आणि यंदा पेरले. पण चार-दोनच उगवले. बी भाजून निघाले का? कोकण बोल्ड या करवंदाच्या वाणाच्या फळातले बी लावले तर चालेल का?

उत्तर : उन्हापेक्षा जास्त नुकसान वर्षभर ठेवल्याने झाले. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून मे-जूनमध्ये पूर्ण काळी, मऊ झालेली फळेच घ्या. हिरव्या-लाल फळांतले बी घेऊ नका, ते पोचट निघते. फळे पाण्यात कुस्करून गर काढा, मग बी थोड्या राखेत चोळा. चीक आणि बुळबुळीतपणा जातो. पाण्यावर तरंगणारे बी टाकून द्या. बाकीचे सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा.

माती, चाळलेले शेणखत व वाळू सारख्या प्रमाणात घेऊन पिशव्या भरा. तळाला भोके हवीतच. प्रत्येक पिशवीत दोन बिया, सेंटिमीटरभर खोल. उगवण साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसते, पण सगळी रोपे एकदम येत नाहीत. त्यामुळे रिकाम्या दिसणाऱ्या पिशव्या घाईने ओतून टाकू नका. पावसाची झोड थेट पिशव्यांवर बसू देऊ नका. रोपाचा बुंधा जमिनीलगत तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक होऊन रोप आडवे पडले, तर तो मर रोग आहे. पाणी कमी करा, पिशव्या मोकळ्या मांडा. पिशव्या भरतानाच मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळलेला बरा.

पहिल्या वर्षी रोप फार हळू वाढते. युरिया घालून त्याला पळवायला जाऊ नका. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन ते तीन फुटांवर, शक्य तर दोन ओळींत नागमोडी लावा. पाणी साचणारी जागा टाळा. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांचे वेटोळे दिसले तर तेवढेच कापा. रोप फूटभर झाले की शेंडा खुडा, नाहीतर कुंपण खालून उघडे राहते. काटे राठ होईपर्यंत शेळ्यांपासून राखण मात्र तुम्हालाच करावी लागेल!

राहिला कोकण बोल्डचा प्रश्न. हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आहे. बियांपासून आलेली रोपे मातृझाडासारखीच निघतील याची खात्री नसते. कुंपणाला ती बिनदिक्कत वापरा. फळे विकायची असतील तर मात्र खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमेच आणा.