घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला कोणता बॉक्स घ्यावा?

भाऊ, दारव्ह्याकडच्या गावात नेट धड नाही आणि लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर आहेत, तर टीव्हीच्या मागे खोचायच्या छोट्या स्टिकच्या (फायर टीव्ही स्टिकसारख्या) मागे लागू नका. बहुतेक स्टिकला पूर्ण आकाराचा यूएसबी पोर्ट नसतो, डिस्क जोडायला वेगळी ओटीजी केबल (छोट्या पोर्टला मोठा यूएसबी जोडणारी) लागते. मागे यूएसबी पोर्ट असलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्या आणि त्यात व्हीएलसी किंवा कोडी हे व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप टाका. दोन्ही फुकट आहेत, एकदा टाकले की नेटशिवाय चालतात.

घेताना एकच गोष्ट नीट विचारा: एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) हार्डवेअरवर, म्हणजे बॉक्सच्या चिपवरच, चालतं का? नाहीतर मोबाईलवर काढलेला ४के व्हिडिओ अडकत अडकत चालतो, आवाज पुढे अन् चित्र मागे. पेनड्राइव्ह एफएटी३२ (फाईल साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यात जातच नाही आणि लग्नाची अख्खी फाईल बहुतेक त्याहून मोठीच असते. बॉक्सला चालत असेल तर एक्सफॅट या मोठ्या फाईल घेणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण आधी डेटा दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं उडतं.

टीव्हीला एचडीएमआय नसेल तर एव्ही पोर्टवाला (जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर लागणारा) बॉक्स बघा. लाइट सारखी जाते तिथे व्हिडिओची दुसरी प्रत ठेवाच. चालू डिस्कची लाइट गेली की फाईल खराब होऊ शकते, अन् आजीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड होत नाही.